शब्दयोगी आणि क्रियायोगी : इंग्रजी अव्यययुक्त क्रियापदे व मराठी अध्यापनपरंपरा

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरील इगतपुरी स्थानकातून मुंबईकडे निघालेली आगगाडी थळ घाट उतरून कसाऱ्यास पोहोचते. या घाटाचा चढ ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र आहे. म्हणून उलट दिशेने, म्हणजे मुंबईहून, येणाऱ्या गाड्यांना कसाऱ्यास जादा इंजिने जोडून वर ढकलण्याची रीत पडली. असे असूनही रेल्वेच्या परिभाषेत घाट उतरणारी गाडी 'अप' आणि घाट चढणारी गाडी 'डाउन' होय. इंग्लंडात मुख्य स्थानकाकडे जाणे ते 'अप' आणि तेथून दूर जाणे ते 'डाउन' असा संकेत होता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने तोच मुंबईस लागू केला आणि १८६५ मध्ये थळ घाटातून लोहमार्ग सुरू झाला, तेव्हा या संकेताची व भूगोलाची उघड फारकत झाली. नाशिक-मनमाडकडच्या प्रवाशांचे त्यावाचून काही अडले नाही. 'अप गाडी किती वाजता?' असे विचारताना ती चढते की उतरते याचा विचार कोणी केला नाही.

इंग्रजी भाषेतील ज्या प्रकरणाने मराठी विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना त्रास दिला, त्या प्रकरणाचे मर्म या घाटात सापडते. 'अप' या शब्दाचा मूळ अर्थ 'वर' असा आहे. पण 'गिव्ह अप' म्हणजे वर देणे नव्हे, सोडून देणे. 'ईट अप' म्हणजे वर खाणे नव्हे, खाऊन टाकणे. घर जळाले तर ते 'बर्न डाउन' होते आणि कागद जळाला तर तो 'बर्न अप' होतो. मराठीत दोन्ही जळूनच जातात. अशा क्रियापदांपुढे आणखी एक अव्यय आले म्हणजे कोडे दुणावते. 'पुट अप विथ', 'रन आउट ऑफ', 'लुक डाउन ऑन', 'लुक फॉरवर्ड टू' या रोजच्या बोलण्यातील रचनांत तीन साधे शब्द एकत्र येतात आणि तिघांपैकी एकाच्याही कोशगत अर्थावरून समुच्चयाचा अर्थ काढता येत नाही. या रचना मराठी भाषकाला कोणत्या व्याकरणाच्या साहाय्याने समजावून देण्यात आल्या, आणि ते साहाय्य अपुरे का पडले, हा येथील प्रश्न आहे.

अडचण केवळ मराठी विद्यार्थ्याची होती असे नाही. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत नमूद केले आहे की, क्रियापदामागे एखादे लहान अव्यय जोडून त्याचा अर्थ पालटण्याची ही रीत इंग्रजीत इतर भाषांपेक्षा बहुधा अधिक आढळते आणि परकीयांना सर्वांत जास्त अडचण तिचीच होते. त्याने असे प्रयोग परिश्रमाने गोळा केले आणि पुढील अभ्यासकांना ते अजिंक्य वाटणार नाहीत अशी आशा बाळगली. ती आशा पुरी झाली नाही. इतकेच नव्हे, तर या वर्गाला आज रूढ असलेले 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव छापील स्वरूपात येण्यास १९२५ साल उजाडावे लागले. लोगन पिअर्सल स्मिथ यांनी त्या वर्षीच्या आपल्या ग्रंथात ते वापरले आणि त्याचे श्रेय ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिले. तोवर इंग्रज वैयाकरण एकाच शब्दाला कधी क्रियाविशेषण आणि कधी प्रिपोझिशन म्हणत आले होते. मुंबई इलाख्यातील शिक्षकाच्या हाती जी परिभाषा आली, ती अशी मुळातच डळमळीत होती.

मराठीच्या बाजूने पाहिले तर प्रारंभ दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्यापासून करावा लागतो. दादोबांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. 'मराठीचे पाणिनी' ही पदवी लोकांनी त्यांना दिली असली, तरी त्यांच्या व्याकरणाचा सांगाडा पाणिनीचा नाही. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी या ज्या आठ शब्दजाती शाळेतील प्रत्येक मराठी मूल आजही पाठ करते, त्या इंग्रजी व्याकरणाच्या आठ खणांशी जुळवून घेतलेल्या आहेत. त्यांतील प्रिपोझिशनचा खण मराठीत 'शब्दयोगी अव्यय' या नावाने भरला गेला. मराठीपुरते हे नाव समर्पक आहे. घरापुढे, झाडाखाली, त्याच्यामागे या रूपांत पुढे, खाली, मागे ही अव्यये शब्दाशी, म्हणजे नामाशी किंवा सर्वनामाशी, जोडली जातात आणि त्याचा उरलेल्या वाक्याशी संबंध दाखवितात.

घोटाळा झाला तो हे नाव उलट दिशेने इंग्रजीला लावताना. 'ऑन', 'अप', 'ऑफ', 'आउट' म्हणजे शब्दयोगी, असे एकदा शिकविले गेल्यावर विद्यार्थी प्रत्येक वाक्यात त्या अव्ययाला जोडण्यासाठी एक नाम शोधू लागतो. 'ही लुक्ड अप द चिमणी' या वाक्यात ते त्याला सापडते : त्याने धुराड्यातून वर पाहिले. 'ही लुक्ड अप द वर्ड' या वाक्यातही ते सापडल्यासारखे वाटते, आणि तेथे तो फसतो. कारण या वाक्यात 'अप' चा 'वर्ड' शी काही संबंध नाही. तो 'लुक' शी बांधलेला आहे आणि दोघे मिळून 'कोशात पाहणे' असा अर्थ देतात. नामाच्या जागी सर्वनाम घातले की फरक ताबडतोब उघडा पडतो. पहिले वाक्य 'लुक्ड अप इट' होईल, दुसरे 'लुक्ड इट अप'. पहिल्यातील 'अप' आपल्या नामाला सोडत नाही. दुसऱ्यातील 'अप' सर्वनामाला मध्ये जागा करून देतो आणि शेवटी जाऊन बसतो, कारण तो शब्दयोगी नव्हेच. त्याला काही नाव द्यावयाचे तर 'क्रियायोगी' असे द्यावे लागेल.

हे नाव नवे वाटले तरी त्यामागील भेद या देशात नवा नव्हता, आणि या इतिहासातील खरी चुटपुट लावणारी गोष्ट हीच आहे. पाणिनीने प्र, परा, अप, सम्, अनु इत्यादी २२ प्रादींची जी व्यवस्था लावली, तिच्यात एकच अव्यय दोन भूमिका करू शकते. क्रियेशी योग असता ते 'उपसर्ग' होय, पण तेच जेव्हा क्रियेला सोडून नामाशी संबंध दाखविते आणि त्या नामाची विभक्ती ठरविते, तेव्हा पाणिनी त्याला 'कर्मप्रवचनीय' अशी निराळी संज्ञा देतो (१.४.८३ पासून पुढे). 'अनुभवति' मधील 'अनु' उपसर्ग आहे, त्याने 'भू' धातूचा अर्थ पालटला. 'नदीम् अनु' म्हणजे नदीला लागून, यातील 'अनु' कर्मप्रवचनीय आहे. त्याने 'नदी' ला द्वितीया लावली आणि धातूला हात लावला नाही. प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार या शब्दांची माळ तर संस्कृत शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक असे. एकाच 'हृ' धातूला उपसर्ग कोठल्या कोठे ओढून नेतो हे त्याला पहिल्या वर्षीच कळत होते. 'गिव्ह' चे 'गिव्ह अप', 'गिव्ह इन', 'गिव्ह आउट' होताना नेमके तेच घडते.

साम्य याहूनही पुढे जाते. लौकिक संस्कृतात उपसर्ग धातूच्या आधी आणि त्याला लागूनच येतो. परंतु वेदात तो धातूनंतरही येऊ शकतो आणि दोहोंमध्ये इतर पदे पडलेली चालतात, हे पाणिनीने लागोपाठच्या सूत्रांत (१.४.८० ते ८२) सांगून ठेवले आहे. 'स्विच द लाइट ऑफ' या वाक्यात 'स्विच' आणि 'ऑफ' यांच्यामध्ये दिवा येऊन बसतो, हे पाहून ज्या विद्यार्थ्याला भाषा विस्कळीत वाटली, त्याला 'हा वैदिक उपसर्गाचा प्रकार आहे' एवढे सांगितले असते तरी पुरे होते. उच्चाराच्या बाबतीतही समांतरता आहे. कर्मप्रवचनीय संज्ञा लागताच उपसर्गामुळे होणारे षत्वादी वर्णविकार थांबतात. म्हणजे भूमिका बदलली की ध्वनीही बदलतो. इंग्रजीत 'लुक इट अप' मधील 'अप' वर आघात पडतो आणि 'लुक ॲट इट' मधील 'ॲट' आघाताविना निसटून जातो. आणखी एक योगायोग नव्हे, तर वंशसंबंध असा की इंग्रजी 'अप' हा संस्कृत 'उप' चा आणि इंग्रजी 'ऑफ' हा संस्कृत 'अप' चा सगोत्र मानला जातो. म्हणजे मराठी मुलाला 'अप' या ध्वनीने जे सुचते ते इंग्रजी 'ऑफ' चे काम आहे! दोन्ही भाषांनी एकाच घराण्यातील अव्यये वारशाने घेतली. संस्कृताने ती धातूच्या डोक्यावर ठेवली, इंग्रजीने पाठीमागे.

ही ज्ञानसामग्री हाताशी असता ती वापरली का गेली नाही? तिचा उपयोग करू शकतील असे लोक नव्हते, हे म्हणणे टिकणार नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकर संस्कृत व्याकरणात मुरलेले होते, इंग्रजी जाणत होते आणि दादोबांच्या व्याकरणाची सूक्ष्म चिकित्सा करणारे निबंध त्यांनीच लिहिले. ज्या जॉन्सनने अव्यययुक्त क्रियापदांचा इशारा दिला, त्याच जॉन्सनच्या 'रासेलस' चे मराठी भाषांतर कृष्णशास्त्री व विष्णुशास्त्री या पितापुत्रांच्या हातून झाले. पण त्यांची चिकित्सा मराठीच्या व्याकरणासाठी होती. इंग्रजी शिकविण्याचा प्रश्न तिच्यापुढे नव्हता. दुसरे कारण परिभाषेचे आहे आणि ते अधिक घातक ठरले. मोनिअर-विल्यम्स यांच्यासारख्या पंडितांच्या इंग्रजीतून लिहिलेल्या संस्कृत व्याकरणांत उपसर्गांनाही 'प्रिपोझिशन' असेच म्हटलेले असे. परिणामी विद्यालयात संस्कृत आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषा घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात उपसर्ग, कर्मप्रवचनीय आणि शब्दयोगी ही तिन्ही एकाच इंग्रजी नावाखाली येऊन पडली. पाणिनीने काळजीपूर्वक वेगळी केलेली खाती इंग्रजी परिभाषेने पुन्हा एक केली.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये पहिली प्रवेशपरीक्षा झाली. निफाड येथे जन्मलेले महादेव गोविंद रानडे त्या पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या थोड्या विद्यार्थ्यांपैकी एक होत. रानड्यांसारखे विद्यार्थी एल्फिन्स्टनमध्ये इंग्रज अध्यापकांकडून आणि प्रचंड वाचनातून इंग्रजी शिकले. त्यांना पाठ्यपुस्तकातील उणीव जाणवली नसावी. पण पुढे मॅट्रिक हा सरकारी नोकरीचा, वकिलीचा आणि मास्तरकीचा दरवाजा झाला आणि त्या दरवाजाशी जी गर्दी लोटली, तिला इंग्रज अध्यापक मिळणे शक्य नव्हते. तिच्या हाती पाठमाला आली.

द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांची 'भाषांतर पाठमाला' हे या काळाचे सर्वांत प्रभावी पुस्तक म्हणावे लागेल. तिने इंग्रजी शिक्षकाविनाही खेड्यापाड्यांत इंग्रजी नेली, आणि 'तर्खडकरी इंग्रजी' हा शब्दप्रयोग मराठीत रूढ केला. त्यात थोडा उपहास आहे, तसा आदरही आहे. तिची पद्धती नावातच सांगितलेली आहे : मराठी वाक्याचे इंग्रजी करावयाचे आणि इंग्रजीचे मराठी. शब्दास शब्द, प्रत्ययास अव्यय. 'घरात' ला 'इन द हाउस', 'घराला' ला 'टू द हाउस', 'घराहून' ला 'फ्रॉम द हाउस'. या रीतीने वाक्याची शिस्त पक्की बसते, क्रियापदाचे काळ पक्के होतात; आज तिची थट्टा करणाऱ्यांपैकी अनेकांचे लेखन तिच्याइतके निर्दोष नसते, हेही नमूद केले पाहिजे. परंतु विभक्तीला अव्यय हे समीकरण जेथे लागू पडत नाही, तेथे ही पद्धती मुकी होते, आणि अव्यययुक्त क्रियापदांना ते लागू पडत नाही. 'अप' ही कोणत्याही मराठी विभक्तीची प्रतिमा नाही.

मग मराठीत 'अप' चे काम कोण करते? त्याचे उत्तर मराठीच्या क्रियापदांत आहे. खाऊन टाकणे, फेडून टाकणे, देऊन टाकणे, शोधून काढणे, लिहून काढणे, लिहून ठेवणे, झाकून ठेवणे, निघून जाणे, विझून जाणे, रडून घेणे. या रचनांत दुसरे क्रियापद आपला मूळ अर्थ बऱ्याच अंशी सोडून पहिल्या क्रियेची पूर्ती, दिशा किंवा कर्त्याची वृत्ती दाखविते. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा' सारख्या ग्रंथांत संयुक्त क्रियापदांची चर्चा विस्ताराने झालेली आहे; पण त्या चर्चेचा रोख, संयुक्त क्रियापद कशाला म्हणावे, या मराठीच्या अंतर्गत वादाकडे होता. इंग्रजी अव्ययांशी त्यांची जोडी लावून पाहिली असता जे दिसते ते लक्षणीय आहे. 'फाइंड आउट' म्हणजे शोधून काढणे : 'आउट' च्या जागी 'काढणे'. 'पे ऑफ' म्हणजे फेडून टाकणे, 'गिव्ह अवे' म्हणजे देऊन टाकणे : 'ऑफ' आणि 'अवे' च्या जागी 'टाकणे'. 'राइट डाउन' म्हणजे लिहून ठेवणे : 'डाउन' च्या जागी 'ठेवणे'. 'गो अवे' म्हणजे निघून जाणे. जोड्या तंतोतंत नाहीत, कोणत्याही दोन भाषांत त्या तशा नसतातच. तरी एकंदर योजना एकच आहे. जो मुलगा घरी 'कर्ज फेडले' आणि 'कर्ज फेडून टाकले' यांतील फरक विनासायास जाणतो, त्याला 'पेड' आणि 'पेड ऑफ' यांतील फरक सांगण्यासाठी शब्दयोगीचे प्रकरण उघडण्याची गरज नव्हती. क्रियापदाचे उघडावयास हवे होते.

येथे एक खरी अडचण आहे, ती लपविता येत नाही. मराठीत अर्थ देणारे पहिले क्रियापद गोठलेले असते आणि काळ, पुरुष, वचन यांचा भार दुसरे वाहते : शोधून काढतो, शोधून काढले, शोधून काढील. इंग्रजीत उलट आहे. पहिला अवयव बदलत राहतो आणि दुसरा अव्यय आहे, म्हणून बदलत नाही. ही उलटापालट समजावून सांगण्यास एखादा तास लागला असता. तो तास अभ्यासक्रमात नव्हता.

मराठीत या वर्गाला जवळची आणखी एक घडण आहे आणि तिच्याकडे तर कोणाचेच लक्ष गेलेले दिसत नाही. 'तो माझ्या मागे लागला', 'कोणाच्या वाटेला जाऊ नये', 'गोष्ट हाताबाहेर गेली', 'तो त्याच्या जिवावर उठला', 'खटला मागे घेतला', 'परीक्षा पुढे ढकलली'. 'माझ्या मागे लागला' या वाक्यात 'मागे' हे रूपाने शब्दयोगी आहे, 'माझ्या' शी जोडलेले आहे. पण अर्थाने ते 'लागणे' या क्रियापदाचे आहे. मागे लागणारा माणूस पुढ्यात बसूनही मागे लागू शकतो. 'खटला मागे घेतला' मध्ये तर 'मागे' कोणत्याच नामाशी जोडलेले नाही. ते निखळ क्रियायोगी आहे. म्हणजे मराठीलाही एकच अव्यय दोन्हीकडे वापरता येते, आणि इंग्रजीचे कोडे घरच्या उदाहरणाने सोडविता आले असते.

तीन अवयवांच्या रचनांचा उलगडा याच सूत्राने होतो. 'पुट अप विथ' मध्ये 'अप' क्रियायोगी आहे; तो 'पुट' चा अर्थ पालटतो. 'विथ' शब्दयोगी आहे. तो पुढील नामाला या संयुक्त क्रियापदाशी जोडतो. म्हणून सर्वनाम मध्ये घुसू शकत नाही : 'पुट अप विथ इट' असेच म्हणावे लागते. मराठीत तेच 'सहन करणे' या क्रियापदाचे साधे कर्म होते : त्रास सहन केला. 'गेट ऑन विथ' चे मराठी 'पटणे'. तेथे 'विथ' ची जागा '-शी' घेते पण कर्ता षष्ठीत जातो : त्याचे शेजाऱ्यांशी पटत नाही. 'लुक डाउन ऑन' म्हणजे '-ला कमी लेखणे', 'कॅच अप विथ' म्हणजे '-ला गाठणे'. 'रन आउट ऑफ' मध्ये तर वाक्याची मुळापासून पुनर्रचना होते. इंग्रज गृहिणी म्हणते की आम्ही साखरेच्या बाहेर धावलो. नाशिकची गृहिणी म्हणते की साखर संपली. एकीच्या वाक्यात माणसे कर्ता आहेत, दुसरीच्या वाक्यात साखर. 'शुगर इज फिनिश्ड' हे मराठी विद्यार्थ्याचे वाक्य शिक्षकाने लाल शाईने खोडले. परंतु ते आळसाचे वाक्य नव्हते, साखरेला कर्तृत्व देणाऱ्या मराठी वाक्यरचनेचे ते प्रामाणिक भाषांतर होते.

'लुक फॉरवर्ड टू' ची कथा अधिक बोधक आहे. 'आय लुक फॉरवर्ड टू मीट यू' हे वाक्य इंग्रजीत पत्र लिहिणाऱ्या मराठी माणसाच्या लेखणीतून आजही सुटते. पाठमालेत 'टू' ची ओळख दोन रूपांनी होते : चतुर्थीचा '-ला' म्हणून आणि 'भेटण्यास', 'करण्यास' यांतील '-ण्यास' म्हणून. 'भेटण्यास उत्सुक आहे' या मराठी वाक्यात '-ण्यास' आहे; म्हणून 'टू मीट'. परंतु 'फॉरवर्ड' हा क्रियायोगी आणि 'टू' हा शब्दयोगी आहे हे कळले असते, तर शब्दयोगीपुढे नाम किंवा नामासारखे रूपच यावयाचे हा नियम विद्यार्थ्याला आपोआप सुचला असता, आणि त्याने 'मीटिंग' लिहिले असते. अशा चुकीला परीक्षेत गुण जात. अर्जात तीच चूक झाली तर तिची किंमत गुणांहून मोठी असे.

विसाव्या शतकात पाठ्यपुस्तके बदलली, दृष्टी तितकी बदलली नाही. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात काम केलेले पी. सी. रेन आणि एच. मार्टिन यांचे व्याकरण घराघरांत पोहोचले. त्यात कोणत्या शब्दामागे कोणते प्रिपोझिशन येते याची लांबलचक यादी होती आणि ती पाठ करण्याची प्रथा पडली. पद्धतीत खरा पालट घडविला तो ए. एस. हॉर्नबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानात राहून केलेल्या कोशाने. तो १९४२ मध्ये टोकियोत निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने पुन्हा छापला. क्रियापद कोणत्या रचनेत बसते हे परकीय विद्यार्थ्याला सांगणे हा त्याचा हेतूच होता. परंतु त्याच सुमारास मुंबई राज्यात इंग्रजीचा आरंभ आठव्या इयत्तेवर नेण्यात आला. मातृभाषेच्या दृष्टीने त्या निर्णयाचे समर्थन करता येते. इंग्रजीपुरता परिणाम असा झाला की उरलेल्या थोड्या वर्षांत याद्यांना पर्याय राहिला नाही. महाराष्ट्रात २००० पासून इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविली जाऊ लागली, तेव्हा वर्षे वाढली; शब्दजातींचे खण मात्र १८३६ चेच राहिले.

शाळेबाहेर काय चालले होते ते आता पाहिले पाहिजे, कारण तेथे हाच प्रश्न कोणत्याही व्याकरणावाचून सुटला. रेल्वेने 'अप' आणि 'डाउन' दिले. नाशिक, मनमाड, इगतपुरी या पट्ट्यातील लोकांनी त्यांतून 'अपडाउन करणे' असे क्रियापद बनविले. रोज गाडीने नोकरीच्या गावी जाऊन रात्री परतणे, असा त्याचा अर्थ. इंग्रजीत असे क्रियापद नाही. रंगभूमीने 'मेकप' घेतला, त्याला पुल्लिंग दिले आणि 'मेकप चढविला', 'मेकपशिवाय' अशी रूपे केली. क्रिकेटने 'आउट होणे' दिले. पुढे 'ब्रेकडाउन', 'चेकअप', 'फॉलोअप', 'स्विच ऑफ करणे' हे सर्व आले. या सर्वांत क्रियापद आणि अव्यय यांची जोड न तोडता घेतली आहे. 'पंखा स्विच ऑफ कर' असे म्हणणारा माणूस इंग्रजीप्रमाणे मध्ये पंखा घालीत नाही. 'स्विच ऑफ' हा त्याच्या दृष्टीने एकच शब्द आहे आणि त्याला 'करणे' लावले की मराठी क्रियापद तयार होते.

देवाणघेवाण एकतर्फी नव्हती, हे सांगण्यास नाशिकजवळील देवळालीसारखे दुसरे स्थळ नाही. तेथील लष्करी छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे शिपाई महिनोन्महिने पडून असत. उष्मा, कंटाळा आणि ताप यांनी डोके फिरलेल्यास त्यांनी 'डूलॅली टॅप' झाला असे म्हटले; देवळाली आणि ताप. नंतर 'ताप' गळला आणि 'गो डूलॅली' एवढेच उरले. इंग्रज शिपायाने एका मराठी गावाच्या नावाला क्रियापदाचे शेपूट बनविले आणि त्याचा अर्थ 'वेडे होणे' असा केला. त्यालाही देवळालीचा नकाशा पाहण्याची गरज वाटली नाही, जशी नाशिकच्या प्रवाशाला 'अप' गाडीचा उतार पाहण्याची वाटली नाही.

परंतु सर्वांत निर्णायक पुरावा तीन अवयवांच्या रचनांचा आहे. इंग्रजीत 'टाय अप विथ', 'ब्रेक अप विथ', 'ड्रॉप आउट ऑफ', 'बॅक आउट ऑफ', 'चेक आउट ऑफ' अशा रचना आहेत. त्या बोलीत आल्या तेव्हा काय झाले? 'त्या कंपनीशी टायअप झाले', 'तिच्याशी ब्रेकअप झाला', 'शाळेतून ड्रॉपआउट झाला', 'व्यवहारातून बॅकआउट झाला', 'हॉटेलातून चेकआउट केले'. 'अप' आणि 'आउट' जसेच्या तसे राहिले. 'विथ' आणि 'ऑफ' मात्र एकाही वाक्यात आले नाहीत. त्यांच्या जागी '-शी' आणि '-तून' आले. 'कंपनीशी टायअप विथ' असे अर्धवट इंग्रजी येणाराही म्हणत नाही. कोणी न शिकविता मराठी भाषकाने या त्रयीतील क्रियायोगी नेमका ओळखून क्रियापदाबरोबर उचलला, आणि शब्दयोगी ओळखून त्याचे मराठीकरण केले. शुद्धतेच्या अभिमान्यांना ही वाक्ये रुचणार नाहीत आणि त्यांतील काहींना चांगले मराठी पर्याय आहेत, हे खरे आहे. पण व्याकरणाची साक्ष म्हणून ती अमोल आहेत. हीच वाक्ये निर्दोष जुळविणारा विद्यार्थी परीक्षेच्या कागदावर 'योग्य प्रिपोझिशन भरा' या प्रश्नाखाली 'अप' आणि 'विथ' या दोहोंच्या रिकाम्या जागा शेजारी शेजारी पाहतो आणि दोन्हीसाठी एकच यादी आठवू लागतो.